उजवा गुडघा

कबड्डीच्या सामन्यात मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा बेसा गावच्या शाळेच्या पोरी चार गुणांनी पुढे होत्या. सुमंत सरांनी आपल्या संघाला कडुलिंबाखाली गोळा केलं, पण बोलले ते एकट्या धनश्रीशी.

"प्रीतीच्या उजव्या गुडघ्यावर पट्टा आहे. दिसून राहिला ना?"

"हो सर."

"मागच्या साली ऑपरेशन झालं तिचं. घोटा धर अन् सगळं वजन तिथंच टाक. ती बाहेर गेली का बेसावाले खतम."

धनश्री डाव्या कोपऱ्यात खेळायची. प्रीती तिला परकी नव्हती. जिल्ह्याच्या शिबिरात दोघी एका सतरंजीवर झोपल्या होत्या. ऑपरेशननंतर किती महिने मांडी घालून बसता आलं नाही, ते प्रीतीनं तिला तिथंच सांगितलं होतं.

"सर, तिचा पाय पुन्हा गेला तर?"

"अन् शाळा गेली तर?" सरांनी आवाज चढवला नाही. "शंभर वर्षं झाली ह्या शाळेले. पोरं किती उरली, तूच पाहून राहिली. सभागृहातल्या विजेत्यांच्या फळीवर शेवटचं नाव माझ्या टीमचं आहे. तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. त्यानंतर स्पर्धेची ढालच आली नाही. आता यंदा नाही आली तर हे मैदानही राहत नाही, सांगून ठेवतो."

कर्णधार वेदिका शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि खाली बघत वेणी घट्ट केली.

खेळ सुरू झाला. प्रीती चढाईला आली. लंगडत नव्हती, पण उजवा पाय जपून टाकत होती. ती कोपऱ्याकडे सरकली, पाय लांबवला, आणि धनश्रीनं झेप घेऊन घोटा धरला. वेदिकानं कमरेला मिठी मारली. तिघी खाली आल्या. मध्यरेषा लांब होती. प्रीतीनं दोनदा हिसडा दिला. मग तिचा दम तुटला.

"धनू, सोड वं," ती हळूच म्हणाली.

ती बाद झाली होती. पंचांचा हात शिट्टीकडे गेला होता. धनश्रीनं घोटा सोडला नाही. तो आत पिळला आणि सगळं अंग गुडघ्यावर टाकलं.

वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. भिंतीवर बसलेल्या पालकांनाही तो ऐकू आला. प्रीतीची किंकाळी त्यानंतर आली. गुडघ्याखालचा पाय भलतीकडेच वळला होता. ती मुठींनी माती बडवत होती, तोंडात माती गेली तरी ओरडत होती. तिच्या शाळेच्या बाईंनी धावत येऊन डोकं मांडीवर घेतलं. मग वर्गातला एक बेंच आणला, त्यावर तिला निजवलं आणि चौघांनी उचलून फाटकाबाहेरच्या ऑटोपर्यंत नेलं.

"पकडीत होतं असं कधीकधी," पंच आनंदराव म्हणाले. त्यांनी गुण दिला. भिंतीवर टाळ्या वाजल्या, मग थांबल्या.

"शाब्बास," सुमंत सर धनश्रीच्या पाठीवर थोपटत म्हणाले. तिनं तळहात शॉर्टला पुसले. पुन्हा पुसले.

थोड्या वेळानं तिची चढाई आली. पलीकडे डाव्या कोपऱ्यात दामिनी होती, प्रीतीची जोडीदार. तिच्या गालांवर धूळ आणि पाण्याचे ओघळ होते.

"ये वं," दामिनी म्हणाली.

कुणाला नुसता हात लावून धनश्रीला परतता आलं असतं. ती सरळ दामिनीच्या कोपऱ्यात गेली आणि उभी राहिली. कबड्डी, कबड्डी म्हणत राहिली, पण हात वर केले नाहीत.

सगळ्या तिच्यावर पडल्या. दामिनीचं कोपर तोंडावर बसलं. कुणाचा तरी गुडघा पोटात गेला. टाच बोटांवर आली आणि तिथंच दाबून राहिली. धनश्रीनं रेषेकडे हात लांबवला नाही. तोंड रक्तानं भरलं तेव्हा तिचा दम सुटला. पंचांनी शिट्टीमागून शिट्टी वाजवली, तरी पोरी बाजूला होईनात. शेवटी त्यांनी एकेकीला दंडाला धरून ओढलं.

तोवर सुमंत सर मैदानात शिरले होते. "पाहिलं ना साहेब? दामिनीनं तोंडावर मारलं. मुद्दाम मारून राहिल्या ह्या. बाहेर काढा तिले. पूर्ण टीम बाद करा."

आनंदराव धनश्रीजवळ बसले. त्यांच्या हातात कार्ड होतं.

"कोनं मारलं बेटा? फक्त नाव सांग."

दामिनी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती काहीच नाकारत नव्हती. धनश्रीनं ओंजळीत थुंकलं. रक्तात अर्धा दात होता.

"हे राहू द्या सर," ती म्हणाली. "मघाचं विचारा."

"मघाचं काय?"

"प्रीतीचं. ती सोड म्हणाली होती. त्याच्यानंतर मी वजन टाकलं." तिला बोलताना ओठ धरावा लागत होता. "काहून टाकलं ते विचारा ना."

आनंदरावांनी मान वर केली. धनश्री जिकडे पाहत होती तिकडे आता वेदिकाही पाहत होती, आणि दामिनीही. दोन्ही शाळांच्या पोरी एकाच माणसाकडे बघत उभ्या होत्या.

सुमंत सर एक पाऊल मागे सरकले. मग आणखी एक.