मेल पोचला का?

उरणच्या गोदामात फोन नव्हता, म्हणून कंपनीनं बोलायच्या वायरलेस सेटलाच कॉम्प्युटर जोडून ईमेल सुरू केला. मेल मुंगीच्या पावलांनी यायचा, आणि मध्येच कोणी माईकवर बोललं की तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. आज त्यातूनच गोदाम सांभाळणाऱ्या मानसिंगच्या रजेचं कळणार होतं. गावच्या जत्रेला निघायचं म्हणून बायको, राजाबाई, सकाळपासून पिशव्या घेऊन गोदामाच्या पायरीवर बसली होती.

मेल जरा पुढं सरकला, की बेलापूरच्या हापिसातून साहेब माईक उचलायचे. "मानसिंग, मेल पोचला का?"

"येत व्हता साहेब. तुमी बोललासा न् तुटला बगा."

दुपार कलली. साताऱ्याची एसटी गेली.

"आवं, रजा दिली का न्हाई, तेवढं तोंडानंच इचारा की!" राजाबाई वैतागली.

"इचारलं. मेल बघ म्हनले."

साहेब घरी गेले, तेव्हा कुठं मेल पुरा झाला. मानसिंगनं चुरचुरते डोळे चोळून वाचला.

"रजेचे नंतर कळवू. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे: मेल येत असताना कोणीही माईकवर बोलू नये."