सायलो ड्राइव्ह-इनचा पहिला खेळ

घोडी काही आली नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत डार्लीन हॉफस्टॅडने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. तीन दरोडेखोर, एक बँक, गोळीबार, पुन्हा बँक. सगळं काळंपांढरं. नदी नाही, घोडी नाही, निळ्या कोटातली बाई तर नाहीच.

येत्या शनिवारी ऑस्बी गावाबाहेरच्या सायलो ड्राइव्ह-इनला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. मक्याच्या शेतात उभा केलेला एक पांढरा पडदा, समोर गाड्या लावायच्या, खिडकीला भोंगा अडकवायचा आणि गाडीत बसून सिनेमा बघायचा. १९५१ साली पहिल्या दिवशी लागलेलाच सिनेमा पुन्हा लावायचा, असं गावाने ठरवलं होतं. शोधायचं काम डार्लीनकडे आलं, कारण ती ग्रंथपाल होती आणि तिला नाही म्हणता येत नसे. जुन्या वर्तमानपत्रात जाहिरात सापडली, जाहिरातीत नाव सापडलं, शिकागोहून कॅसेट आली. आणि आता हे दरोडेखोर.

ती न्हावी मायलो प्रुइटच्या दुकानात गेली.

"जाहिरात चुकली असणार," मायलो गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा न उचलता म्हणाला. "मी स्वतः होतो ना तिथे. तो माणूस गाव सोडून नव्या मुलखाला निघालेला असतो. नदी ओलांडून पलीकडे जातो. मागे वळून बघतो, तर त्याची आंधळी घोडी अलीकडेच उभी, पाणी हुंगत. आणि तो फिरतो की माघारी. मी एकोणीस वर्षांचा घोडा, शेजारी पोरगी बसलेली आणि मी हुंदके देतोय. तिने पुढे दुसऱ्याशीच लग्न केलं."

"बरं केलं तिने," खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं.

खानावळीतल्या ओपलला नायिकेचा कोट आठवत होता. "निळा. गडद निळा. तस्साच मी शिवून घेतला होता."

"सिनेमा काळापांढरा असला तर?"

"बाई गं, कोट निळा होता."

अकरा जणांना विचारलं. अकरा जणांनी तीच नदी आणि तीच घोडी सांगितली.

डार्लीनला गावापेक्षा स्वतःसाठीच तो सिनेमा हवा होता. १९५१ च्या त्या उन्हाळ्यात तिचे वडील लाइल घर हलवून दूर ओरेगनला लाकडाच्या गिरणीत कामाला जाणार होते. गाई विकून झाल्या होत्या. म्हातारी आई आणि धाकटी बहीण आर्डिस मागे राहणार होत्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते बायकोला आणि दोन वर्षांच्या डार्लीनला घेऊन सायलोच्या पहिल्या खेळाला गेले. सकाळी उठले आणि त्यांनी सामान पुन्हा घरात नेलं. का, असं कुणी विचारलं की म्हणत, "त्या घोडीमुळे." यापलीकडे ते कधी बोलले नाहीत. यंदाच्या मार्च महिन्यात ते वारले. ते कशामुळे थांबले, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

शेवटी ती आर्डिस आत्याकडे गेली. आर्डिस तेव्हा सायलोवर तिकिटं फाडायची. पुढे तिने सायलोच्या मालकाशी, व्हर्लिनशी लग्न केलं. तो गेल्यावरही तिने जागा सोडली नाही. भरदुपारी ती लाह्यांचं भांडं घासत बसली होती.

"सापडला का सिनेमा?"

"सापडला, पण तो नव्हे."

"तोच असेल. जाहिरात मीच दिली होती."

"आत्या, त्यात घोडी नाहीये."

आर्डिसने भांडं पालथं घातलं आणि हात पुसले. "धुकं होतं त्या दिवशी."

"धुक्याचं कुणीच बोललं नाही मला."

"विसरले असतील. नदीकडून असं दाट आलं की पहिल्या रांगेलाही पडदा दिसेना. लोक गाड्या सुरू करायला लागले. व्हर्लिनने तीन वर्षं खपून एकट्याने तो पडदा उभा केला होता. यंत्राच्या खोलीत असा काही बसला होता की मला बघवेना. मग मीच माइक घेतला. म्हटलं, मंडळी, पडदा दिसत नाहीये, पण हा सिनेमा मी पाहिलाय. त्याचा आवाज बंद करते आणि काय चाललंय ते मीच सांगते. सव्वा तास सांगत होते. एक गाडी हलली नाही."

डार्लीन हसायलाच लागली. अकरा माणसं, पन्नास वर्षं, आणि प्रत्येकाने ती घोडी डोळ्यांनी पाहिलेली.

"म्हणजे ओपलने कोट शिवला तो तुझ्या सांगण्यावरून."

"चांगला दिसायचा तिला."

"पण मग ते दरोडेखोर का गाळलेस? ते नाही आवडले वाटतं?"

आर्डिसने तिच्याकडे पाहिलं. "त्यात दरोडेखोर आहेत?"

डार्लीनचं हसू थांबलं.

"रिळांचे डबे आलेच नव्हते गं," आर्डिस म्हणाली. "शहरातून येणाऱ्या बसने यायचे होते, बसमध्ये नव्हतेच. व्हर्लिनने यंत्र रिकामंच चालू ठेवलं, नुसती घरघर ऐकू यावी म्हणून. तो सिनेमा मी आजतागायत पाहिलेला नाही."

"मग तो नदीतून माघारी फिरणारा माणूस? ती घोडी?"

"धुक्यात मला एकच गाडी दिसत होती, माझ्या खिडकीखालची," आत्या म्हणाली. "टपावर गाद्या बांधलेल्या. स्टिअरिंगवर लाइल. त्याच्या तोंडाकडे बघत बघत सांगत गेले."