सहावं नाव

"सहावं नाव भरा. त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही," विद्यापीठाच्या पेटंट कक्षातलं यंत्र तिसऱ्यांदा म्हणालं.

डॉ. वैजयंती सप्रे वैतागल्या. समुद्राचं पाणी गोड करणारी चाळणी त्यांच्या पाच जणांनी शोधली होती; हा सहावा आला कुठून? पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांना लागलेला प्रत्येक हात यंत्राला ओळखू येई.

"चाळणी पहिल्यांदा जमली ते भांडं कुणीतरी रिठ्यानं धुतलं होतं. रिठ्याशिवाय ती जमतच नाही," यंत्रानं सांगितलं.

वैजयंतींना आठवलं. साबण संपला म्हणून प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या मावशींनी घरचे रिठे आणले होते, आणि त्याबद्दल आपणच त्यांना फैलावर घेतलं होतं!

त्यांनी घाईघाईनं 'मावशी' असं टाइप केलं.

"हे नातं झालं. नाव भरा."

अकरा वर्षं रोज हाक मारूनही नाव ठाऊक नव्हतं. त्या तडक प्रयोगशाळेतल्या सिंकपाशी गेल्या.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

"द्रौपदा निवृत्ती साळवे." मावशींनी ओले हात पदराला पुसले. "का हो मॅडम, परत काही चुकलं का माझं?"

"तेव्हाही तुमचं नव्हतं चुकलं." वैजयंतींनी ते ओलसर हात घट्ट धरले. "तुमच्या रिठ्यांनी समुद्र गोड केलाय, द्रौपदाबाई."