वाचा

अर्धांगाच्या झटक्यात आमच्या ह्यांची वाचा गेली. चिरंजीवांनी मोठमोठे डॉक्टर आणले, महागडं मशीन आणलं; आठ दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदल. सूनबाई मात्र रोज सकाळी ह्यांच्यापुढे आरसा धरून बसायची. "ओठ मिटा, बाबा. म्हणा, म."

परवा चिरंजीव तिला आपल्या नोकरीच्या गावी न्यायला आले. "आई, वर्ष गेलं. हाती काय? भोपळा!"

मी म्हटलं, "तुझं म्हणजे बी पेरायचं आणि रोज उकरून बघायचं, कोंब आला का! ही गेली तर ह्यांना बोलतं कोण करणार? तुझं ते माळ्यावरचं मशीन?"

"पुरे, आई," म्हणत चिरंजीव सूनबाईकडे वळले. "तू बॅग घे गं."

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. घोगरा, तुटका, पण शब्द न् शब्द कळला.

"हिला... नेऊ... नको."

सूनबाईच्या हातातली बॅग गळून पडली. पोराने बापाला मिठी मारली, डोळे पुसले आणि बॅग स्वतःच उचलली.



"बोलले की बाबा! चल, आता तुझं इथलं काम झालं."