काठाची वीण

आत्या वेताच्या टोपल्या विणायची. काठाची ती दुहेरी वीण आमच्या घरात फक्त तिलाच यायची. "अगं, बस जरा माझ्याजवळ, शिकून घे," म्हणून तिने माझं डोकं खाल्लं होतं. शेवटी मी तिच्या हातांचा व्हिडिओ काढला आणि म्हणाले, "हे बघ, मोबाइलमध्ये आलं सगळं. आता कुठे पळून जातंय?"

आता आत्या वीण विसरली, मलाही विसरली. काहीतरी आठवेल म्हणून आज तोच व्हिडिओ मी तिच्यापुढे धरला. ती त्या हातांकडे टक लावून बघत राहिली.



"ताई, काय हात बसलाय हो या बाईचा! तुम्ही शिकून घ्या हिच्याकडून. हातांवरून म्हातारी दिसतेय, उद्या नसली तर?"