बाबांची बॅटरी

बसमधल्या लोकांच्या बडबडीनं माझं डोकं उठायचं, म्हणून बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन घ्यायचं ठरवलं. आता घ्यायचेच तर पारखून घ्यावेत. महिनाभर रोज जाता-येता, सव्वा-सव्वा तास, मी शेजारी बसलेल्या बाबांना एकेका मॉडेलचे गुणदोष समजावून सांगितले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान माझ्या ऑफिसच्या गल्लीतच आहे, त्यामुळे आमची बस एकच. गेल्या वर्षी मी त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. तेव्हापासून ते माझं सगळं मान डोलावत ऐकून घेतात, मध्ये एकदाही तोंड घालत नाहीत. घड्याळं उघडून बसणाऱ्या माणसाकडे संयम असतोच म्हणा.

काल अखेर त्यांना घेऊनच खरेदीला गेलो. हेडफोन पसंत केले. दुकानदाराचं लक्ष बाबांच्या कानाकडे गेलं.

"काका, मशीनच्या बॅटऱ्या देऊ का?"

"नको," मीच म्हणालो. "यांची बॅटरी दहा दिवस जाते."

"दहा? आठ दिवसांच्या वर जात नाही हो कुणाची!"

"येता-जाता बसमध्ये बंद ठेवतो ना मी," बाबा म्हणाले.

दुकानदारानं समजुतीनं मान हलवली. "बरोबर आहे. बसमध्ये कलकलाट फार."

बाबांनी हेडफोनचा खोका माझ्या हातात दिला.

"छे हो, बसचं काही नाही. हा शेजारी असतो."