दाढेचा हुकूम

कोर्टाचा हुकूम आला आणि बराकीत एकच गलका झाला. दातांची तक्रार असलेल्या प्रत्येक कैद्याला आठवड्याच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं! वकीलसाहेबांनी मैदान मारलं होतं. वकीलसाहेब म्हणजे वकील नव्हे, बरं का. सगळ्यांचे अर्ज लिहून देणारा, जन्मठेपेवर आलेला एक कारकून.

सहा वर्षांत घरचं कुणी भेटीला फिरकलं नव्हतं, तरी बिचाऱ्यानं कधी कुरकुर केली नव्हती. पण तीन महिन्यांपूर्वी हवालदार सरकारी दवाखान्यातून दाढ काढून आला आणि दर गुरुवारी बसणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाईंचा हात किती हलका, याचं कौतुक करत सुटला. यानं त्याची औषधाची चिठ्ठी मागून घेतली, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि दुसऱ्याच दिवशी गालाला फडकं बांधलं.

मग अर्जांवर अर्ज. तुरुंगाचा डॉक्टर डोकं दुखो की दाढ, तीच पांढरी गोळी हातावर ठेवायचा. तोंड उघडून बघायला वेळ कुणाला? अधीक्षक म्हणाले, बाहेर हिंडायचे बहाणे आहेत सगळे. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "याचं तोंड कुणी तपासलंय का?"

अधीक्षक फायलीची पानं उलटायला लागले.

हुकमानंतर ते नरमले. दातांचा डॉक्टर इथंच बोलावतो म्हणाले, तेव्हा हा लगबगीनं पुढे झाला. हुकमात दवाखाना लिहिलाय साहेब, असं यानं हात जोडून, पण ठासून सांगितलं.

गुरुवारी गाडी निघाली. मागच्या बाकावर दोघं सुजलेले गाल धरून कण्हत होते. वकीलसाहेबांनी मात्र दाढी घोटली होती, केस पाण्यानं चापून बसवले होते. स्वारी भलतीच खुशीत होती.

"दाढ काढायला चाललायस का लग्नाला?" हवालदारानं विचारलं.

खुर्चीत बसल्यावर बेड्या निघाल्या. हवालदार दाराशी उभा राहिला. मास्क लावलेली तरुण डॉक्टरीण आली, केसपेपरवरचं नाव वाचून जरा थांबली, मग म्हणाली, "आ करा."

तिनं छोट्या आरशानं एकेक दात पाहिला, ठोकून पाहिला. पुन्हा पहिल्यापासून पाहिला. यानं खुर्चीचे हात घट्ट धरले होते. आता सगळं तिच्या एका शब्दावर होतं.

तिनं आरसा खाली ठेवला, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "दाढ तर ठणठणीत आहे तुमची. आईला काय सांगू, बाबा?"